बोअरमध्ये ‘नॅनो लोखंड’ टाकण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘अमेरिकेत नॅनो लोखंडाची पूड टाकून भूजल शुद्ध करतात, तुम्हीही बोअरमध्ये टाका आणि बिनधास्त प्या’ असा मेसेज फिरतोय. नॅनो लोखंड म्हणजे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण. मेसेजचं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. सल्ला मात्र चुकीचा आणि धोक्याचा आहे.

न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे लीहाय विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी चाचणी केली आणि 2001 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे एका कारखान्याच्या जागेखाली ट्रायक्लोरोइथिलीन मुरलं होतं. यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात ते हे रसायन. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देतं आणि त्या रसायनातला क्लोरीन सुटा होतो. ही क्रिया अर्धवट राहिली तर व्हिनाइल क्लोराइड उरू शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे. म्हणूनच आसपास निरीक्षण विहिरी घेऊन पाण्याचे नमुने तपासत राहावं लागतं.

आपल्याकडच्या बोअरची दुखणी वेगळी: क्षार आणि नायट्रेट. क्षार या पुडीने जात नाहीत. नायट्रेटचा बहुतांशी अमोनिया होतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात! शिवाय हे कण एकमेकांना चिकटतात, जमिनीत फार लांब पसरत नाहीत. आणि कोरडी नॅनो पूड हवा लागताच पेट घेऊ शकते. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

पाण्याबद्दल शंका असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.