काळ्या पार्श्वभूमीविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाणपिसवांच्या, म्हणजे पाण्यातल्या इवल्या प्राण्यांच्या, मी सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या छायाचित्रांवर ‘एक अभ्यासक’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पाणपिसूला मी कीटक म्हटले आहे, चित्रांवर मोजपट्टी नाही आणि दिव्याखाली प्राणी तापतात, हे आपले तीन आक्षेप. चौथा आपल्याच शब्दांत देतो: ‘काळ्या भागात एकही धूलिकण नाही, तेव्हा ही पार्श्वभूमी संगणकावर भरलेली आहे, घरगुती सूक्ष्मदर्शकातून असे काही निघत नाही, हे कोणीही जाणकार सांगेल.’

पहिला आक्षेप मान्य. पाणपिसू कीटक नव्हे, कवचधारी, खेकडा-कोळंबीच्या गोतातली. पिसूचे नाव यान स्वामरडाम या डच अभ्यासकाने १६६९ मध्ये तिला दिले आणि त्या नावाच्या ओघात माझ्या हातून चूक झाली. दुरुस्ती केली आहे.

आता ‘घरगुती’ या शब्दाविषयी. त्यामागचा सूर माझ्या चांगला ओळखीचा आहे. एकतीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी सातला तळ्याचे पाणी जाळीतून गाळायचे, त्यातला अंड्यांच्या दोन पिशव्या मिरवणारा सायक्लॉप्स नावाचा इवला जलचर ड्रॉपरने टिपायचा, स्लाइड लावून फोकस करून ठेवायचा, हे काम माझे. नंतर भिंगाला डोळा लावून मुलांना चार शब्द सांगण्याचा मान दुसऱ्यांचा. ज्याला आपण घरगुती म्हणता तो सूक्ष्मदर्शक त्याच प्रयोगशाळेने मोडीत काढला, मी तो लिलावात घेतला आणि आरशाच्या जागी एलईडी बसवला. त्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे टोपणनावाआडच्या जाणकारांपेक्षा मला थोडे अधिक ठाऊक असावे.

पार्श्वभूमी काळी होते ती कागदाच्या चकतीने. क्ष-किरण फिल्मच्या पाकिटातला काळा कागद कंपासने गोल कापायचा आणि कंडेन्सरखाली, म्हणजे स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली, फिल्टरच्या कडीत बरोबर मधोमध बसवायचा. सरळ वर येणारा प्रकाश तिथेच अडतो, कडेने सुटलेला तेवढा तिरपा होऊन स्लाइडवर पडतो आणि स्लाइडवर काही नसेल तर भिंगाला चुकवून बाहेरच्या बाहेर निघून जातो, म्हणून काळोख. प्राणी आडवा आला की त्याच्या कवचावरून आणि केसांवरून विखुरलेला प्रकाश तेवढा भिंगात शिरतो. माझी पहिली चकती १२ मिलिमीटरची होती, तिने सगळे राखाडी दिसले. १४ ची चारपटीच्या भिंगाला पुरली. दहापटीच्या भिंगाला १८ ची लागली, कारण ते अधिक रुंद कोनातला प्रकाश आत घेते. चाळीसपटीच्या भिंगाला तर साध्या कंडेन्सरवर ही युक्ती नीट लागूच पडत नाही, आणि म्हणूनच माझ्या चाळीसपटीच्या एकाही चित्राची पार्श्वभूमी काळी नाही. संगणकावरच रंगवायचे असते, तर तिथे हात आखडता घेण्याचे मला काय कारण होते? आपण अशी एक तरी चकती कधी कापून पाहिली आहे का?

शिवाय प्राणी जिवंत असतो. कापसाचे चार तंतू थेंबात टाकले की पिसू त्यांत अडखळून जागेवर राहते, आणि कव्हर स्लिपच्या, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या, चारही कोपऱ्यांना मेणाचे पाय दिले की चिरडत नाही. तरीही तिचा एकुलता एक डोळा सारखा थरथरत असतो आणि पाठीकडे हृदय मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके देत असते. त्यातून प्रकाश मंद. एका रविवारी १४० चौकटी काढल्या, त्यांतल्या तीन ठेवण्याजोग्या निघाल्या. संगणकावर रंग भरायला इतका रविवार लागत नाही.

राहता राहिले धूलिकण. या प्रकाशात कण न् कण चांदणीसारखा चमकतो हे आपले म्हणणे खरे आहे, आणि ते मी पुसतो. लग्नाला निघताना सदऱ्यावरचा दोरा झटकला म्हणून सदरा खोटा ठरत नाही. तिसऱ्या चित्रात डोळा एका चौकटीतला आणि हृदय दुसऱ्या चौकटीतले आहे, कारण दोन्ही एका वेळी फोकसमध्ये येत नाहीत. हे खाली लिहिले नव्हते, पण त्यावरून एवढा गहजब करावा असे त्यात काही आहे असे मला वाटत नाही. पुसणे आणि जोडणे वेगळे, रंगवणे वेगळे. आपण ‘भरलेली’ हा शब्द वापरलात, आणि माझा राग त्या शब्दावर आहे.

तापण्याचा मुद्दा किरकोळ आहे. थेंब काही मिनिटांत परत बरणीत जातो. मोजपट्टीचे पुढे केव्हातरी पाहू.

तिसऱ्या चित्राच्या दोन्ही मूळ चौकटी आज रात्री इथेच खाली टाकतो, धुळीसकट. चकतीही मोबाइलवर टिपून सोबत देईन. ती कडेला थोडी फाटली आहे, तेवढे चालवून घ्यावे.