पोराने अमेरिकेवर राज्य करावं असं वाटत असेल तर…

परवा एका कॉलेज कन्सल्टंटच्या झूमवर बसलो, पोरीचा जीपीए सांगायला तोंड उघडलं तर म्हणतो, "मार्क सगळ्यांनाच असतात, तिची स्टोरी काय?" अहो अकरावीतली पोर ती, तिची कसली डोंबलाची स्टोरी! वर फी ऐकून घाम फुटला. तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या समदुःखी पालकांनो, सल्ला माझ्याकडून फुकट घ्या.

सगळ्यात आधी पोराने आईबाप नीट बघून निवडावेत. हार्वर्ड-येलला शिकलेले असले की लेगसी लागते, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देणं बंद केलं, लेगसी मात्र शाबूत. त्या कोर्टातले 9 पैकी 8 जज हार्वर्ड नाहीतर येलच्याच लॉ स्कूलचे आहेत, हा आपला योगायोग हो.

लेगसी नसेल तर एखादी बिल्डिंग बांधून द्या.

तेही झेपत नसेल तर रोइंग, म्हणजे बोट वल्हवण्याच्या खेळातून प्रवेश. बोटीत बसायचीही गरज नाही, 2019 मध्ये उघडकीला आलेल्या त्या लाच देऊन प्रवेश मिळवण्याच्या घोटाळ्यात रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले की काम होत होतं, पैसे तेवढे पोचते करायचे.

आणि एकदा डिग्री हातात पडली की लगेच एलिट लोकांना शिव्या घालायला लागायचं, हे विसरू नका! रिपब्लिकन नेत्यांत टेड क्रूझ प्रिन्स्टन आणि हार्वर्ड लॉ, डिसँटिस येल आणि हार्वर्ड लॉ, व्हान्स येल लॉ, आणि हाच माणूस 2021 मध्ये स्टेजवरून सांगतो की युनिव्हर्सिट्या आपल्या शत्रू आहेत, ट्रम्प तात्या एकीकडे हार्वर्डचा फंड अडवणार आणि दुसरीकडे स्वतःच्या व्हॉर्टन बिझनेस स्कूलचं कौतुक सांगणार, डेमोक्रॅट तरी कुठे वेगळे, क्लिंटन नवरा-बायको येल लॉ, ओबामा नवरा-बायको हार्वर्ड लॉ, आणि 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर कहरच, बुश आणि केरी दोघंही येलचे, दोघंही तिथल्या एकाच गुप्त मंडळातले, स्कल अँड बोन्स, आणि करा म्हणे निवड!

अरे काय चाललंय काय? 34 कोटींच्या देशात राज्य करायला दोन-चार कॅम्पसच सापडतात? हार्वर्डच्या गंगाजळीत 50 अब्ज डॉलरच्या वर पडलेत, आणि पहिल्या वर्षाला घेणार जेमतेम सोळा-सतराशे पोरं, त्यातही आधी आपल्या माजी विद्यार्थ्यांची. लाज वाटायला हवी. आणि आपण काय करतो? सातवीपासून पोरांना या रांगेत उभं करतो. मंडळाच्या दिवाळीत कोणी रटगर्स, म्हणजे आपली न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, म्हटलं की "अच्छा, हो का" म्हणून चकलीकडे वळणाऱ्या काकू, तुम्हालाच बोलतोय मी.