इमारतीची फाईल रहिवाशांसाठी उघडी करा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडून उपकर घेतला जातो अशा जुन्या इमारतींची यादी जाहीर करतं. पेपरात नावं छापून येतात, दोन दिवस चर्चा होते, आणि पाऊस लागला की सगळे देवावर हवाला ठेवून झोपतात. मी गिरगावातल्या अशाच एका चाळीत राहतो. आमचं नाव अजून यादीत नाही. पण माझा प्रश्न ती यादी ज्या कागदांवरून ठरते, त्या कागदांचा आहे. ते आम्हाला दिसत का नाहीत?

आमच्या जिन्याखाली दोन लोखंडी टेकू आहेत. बुडाशी गंजून त्यांचे पापुद्रे सुटलेत, वर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलाय. ते कोणत्या पाहणीनंतर लागले, किती वर्षांसाठी लागले, पुढची दुरुस्ती मंजूर आहे का, हे चाळीत एकालाही सांगता येत नाही. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: माहिती अधिकारात अर्ज टाका. म्हणजे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची वाट, मग पहिलं अपील, मग माहिती आयोग. तोवर एक पावसाळा जातो.

खरं तर २००५ च्या याच कायद्याचं कलम ४ सांगतं की असली माहिती कुणी मागायच्या आधीच कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची. ज्या डोक्यावरच्या छपराचा उपकर वर्षानुवर्षं वसूल होतोय, त्या छपराचा अहवाल बघायला आम्ही अर्जदार का व्हायचं?

१६ जुलै २०१९ आठवा. डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून जास्त माणसं गेली. ढिगारा उपसला जात असतानाच वाद सुरू झाला की पडलेला भाग म्हाडाच्या अखत्यारीतला की मागचं अनधिकृत बांधकाम, जबाबदारी मंडळाची की महापालिकेची. मला त्या वादाचा आजही संताप येतो. कारण तो प्रश्न माणसं जिवंत असताना सुटायला हवा होता. कुठला भाग कुणाचा, कुठला रिकामा करायला सांगितलाय, हे इमारतीच्या दारावर लावलेलं असतं, तर निदान भाड्यानं राहायला येणाऱ्याला कळलं असतं की आपण कशाखाली झोपतोय.

दुसरी गोष्ट बृहतसूचीची. प्लॉट अरुंद किंवा आरक्षणाखाली असला की पाडलेली इमारत तिथे पुन्हा उभी राहत नाही. त्या रहिवाशांची नावं या सूचीत जातात आणि घर मिळेपर्यंत माणसं संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत. 'घर मिळेपर्यंत' म्हणजे काही कुटुंबांच्या दोन पिढ्या. आमच्या शेजारच्या एक काकू तशाच, घराची वाट बघत वारल्या. भाडेपावत्या, रेशनकार्ड, जागा खाली केल्याचं पत्र, सगळं त्या प्लास्टिकच्या पिशवीत उशाशी ठेवायच्या, कारण तो एक कागद गेला तर हक्क गेला. आणि तिकडे शिबिरांत मूळ भाडेकरू कोण, गाळा विकत घेतलेला कोण आणि घुसखोर कोण हे ठरवायला अ, ब, क असे वर्ग पाडावे लागले! नोंद पहिल्यापासून सर्वांसमोर असती तर ही वेळ आली नसती.

हे अशक्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बृहतसूचीतल्या २६५ जणांना पहिल्यांदा संगणकीय सोडतीनं घरं दिली गेली. चांगलं पाऊल होतं, मनापासून सांगतो. मग संपूर्ण सूची, कुणाचा दावा कुठे आणि का अडलाय यासकट, कायम समोर ठेवायला काय हरकत आहे?

काहीजण म्हणतील, अहवाल उघडे केले तर लोक घाबरतील, बिल्डर टपून बसतील. बिल्डरकडे ही माहिती आमच्याआधी पोचते, हे प्रत्येक चाळकऱ्याला ठाऊक आहे. अंधारात असतो तो भाडेकरू. म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ च्या नोटिशीत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, त्यानं काही केलं नाही तर रहिवाशांच्या सोसायटीला सहा महिने. हातात कागद नसताना शंभर बिऱ्हाडं सहा महिन्यांत एकत्र येऊन प्रस्ताव कसा देणार? त्यात २०२५ मध्ये अशा शेकडो नोटिसांवर उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले, कारण इमारत धोकादायक ठरवण्याची रीतच पाळली नव्हती. यात खेळ झाला तो भाडेकरूंच्या आशेचा.

गिरगाव, काळबादेवी, माझगाव, लालबाग, दादर, जिथे कुठे उपकरप्राप्त इमारतीत राहत असाल तिथून एक साधं पत्र द्या. मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या नावे, कलम ४ चा उल्लेख करून, आमच्या इमारतीचा शेवटचा पाहणी अहवाल, झालेला दुरुस्ती खर्च आणि पुढचा निर्णय दर्शनी भागात लावा एवढीच मागणी. सही एकट्याची नको, चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची हवी, पागडीवाले, पोटभाडेकरू सगळे धरून. पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख बघून घ्या. एक प्रत आमदारांना अधिवेशनाच्या आधी द्या, नंतर नको. मसुदा मराठीत तयार आहे, हवा असेल त्यांनी खाली लिहा, आजच पाठवतो.