‘पीअर-रिव्ह्यूड असलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

शोधनिबंधासाठी संदर्भ कसे शोधावेत आणि पारखावेत, या माझ्या लेखावर एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेख मुलांना घाबरवतो, पदवीच्या निबंधासाठी एवढी उठाठेव कोणी करत नाही, विकिपीडियाचं नावही घ्यायला नको होतं, मी सांगितलेले डेटाबेस सगळ्यांना परवडत नाहीत. आणि शेवटी, ‘बाई, पेपर पीअर-रिव्ह्यूड (म्हणजे छापण्याआधी विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेणाऱ्या) जर्नलमध्ये आला की झालं. त्यापुढे तपासणाऱ्या तुम्ही कोण?’

महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘बाई’ आणि ‘तुम्ही कोण’ हा सूर कशासाठी? माझं एखादं विधान चुकलं असेल तर ते दाखवा, मी वाचेन. तुमच्या प्रतिक्रियेत माझ्या लेखातलं एकही वाक्य उद्धृत केलेलं नाही. संदर्भ द्यावेत कसे, यावर वाद घालताना तरी ही काळजी घ्यायला हवी होती.

डेटाबेसचा मुद्दा मान्य. सशुल्क डेटाबेस प्रत्येक ग्रंथालयात नसतात, तेव्हा गूगल स्कॉलर आणि डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सची सूची) या मोफत सोयींबद्दल एक परिच्छेद जास्त लिहायला हरकत नव्हती.

आता ‘तुम्ही कोण’ याचं उत्तर. उमेदीची सगळी वर्षं मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काढली. मुलं निबंध घेऊन यायची आणि आम्ही संदर्भसूचीतली एकेक नोंद मूळ ठिकाणी जाऊन पाहायचो. एका मुलीचा निबंध अजून डोळ्यांसमोर आहे. तिने एका पुस्तकाचा पृष्ठक्रमांकासह हवाला दिला होता. पुस्तक काढलं, पान उघडलं. तिने दिलेलं मत त्या पानावर होतं खरं, पण लेखकाने ते खोडून काढण्यासाठी मांडलं होतं. ‘असं मानलं जातं’पासून सुरू झालेला परिच्छेद पुढच्या पानावर ‘परंतु’ने उलटत होता. तिने पुस्तक पाहिलंच नव्हतं. हवाला एका पेपरमधून उचलला होता, आणि तो पेपर पीअर-रिव्ह्यूडच होता. असं पुन्हा पुन्हा पाहिलेल्या माणसाला तुम्ही ‘कोण’ विचारता, याचं वाईट वाटतं.

माझा अनुभव नको असेल तर बाजूला ठेवा. पालकातल्या लोहाची गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकात दशांशचिन्ह चुकलं, म्हणून पालकात दसपट लोह आहे असा समज पसरला, हे किती ठिकाणी छापलेलं सापडेल! ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९८१ साली हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली, पण आधार दिला नाही. पुढच्यांनी त्यांचा हवाला दिला, त्यापुढच्यांनी या पुढच्यांचा. दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा मूळ पुरावा शोधायला गेलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. रेकडाल या अभ्यासकाने २०१४ साली या सगळ्या साखळीवरच एक लेख लिहिला. चुका कशा पसरतात हे शिकवण्यासाठी अभ्यासक वापरत असलेलं उदाहरणच विनाआधार निघालं. मूळ लेख उघडून पाहायला थोडाच वेळ लागला असता.

पीअर रिव्ह्यू म्हणजे काय, तर त्या विषयातली दोन-तीन जाणकार माणसं हस्तलिखित वाचतात, पद्धत आणि निष्कर्ष जुळतात का ते बघतात. मूळ नोंदी त्यांच्यासमोर क्वचितच असतात. म्हणूनच मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने कोविडवर वापरल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा, हजारो रुग्णांच्या माहितीवर उभा असलेला पेपर छापला, आणि जूनच्या सुरुवातीलाच तो मागे घेतला गेला. रुग्णांची माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती तपासायला दिलीच नाही. ‘लॅन्सेट’नेच १९९८ साली छापलेला, लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा पेपर अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता, तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. मधली बारा वर्षं तुमच्या कसोटीवर तो पूर्ण उतरत होता. आजही त्याची जुनी पीडीएफ कोणाच्या संगणकावर असेल, तर ‘मागे घेतला’ हा शिक्का तिच्यावर दिसणार नाही. म्हणून लेखात लिहिलं होतं की डीओआय (पेपरचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) वापरून जर्नलच्या पानावर जा आणि तिथली सद्यस्थिती पाहा. यात घाबरवणारं काय आहे, मला कळलेलं नाही.

पीअर रिव्ह्यू निरुपयोगी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. गाळणी म्हणून ती हवीच. पण पैसे भरले की काहीही छापणारी जर्नल्सही स्वतःला पीअर-रिव्ह्यूडच म्हणवतात. २०१३ साली ‘सायन्स’ या जर्नलसाठी बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला पेपर ३०४ जर्नल्सना पाठवला, १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला.

विकिपीडियाबद्दल एवढंच: तिथून हवाला द्या असं मी सांगितलेलं नाही, खालच्या संदर्भांपर्यंत पोचायला वापरा असं सांगितलं होतं. बाकी मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसत नाही. विषयवार मोफत डेटाबेसवरचा लेख लवकरच लिहिते आहे. त्यावरही जरूर लिहा, मात्र या खेपेस शेवटपर्यंत वाचून, आणि आक्षेप ज्या वाक्याला असेल ते वाक्य देऊन.