छोट्या गावाला शहराचा एसटीपी कशाला?

सांडपाण्याचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट मशीनवर येतात. शहरात असतो तसाच एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, जरा बारका करून बसवायचा, हवा मारणारे दोन ब्लोअर, चार पंप, एक पॅनल, उद्घाटन, फोटो, झालं. मला हे अजिबात पटत नाही.

अशा एसटीपीत सहसा असते ती ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत, म्हणजे पाण्यात हवा मारून घाण खाणारे बॅक्टेरिया वाढवायचे, ती १९१४ साली मँचेस्टरमधे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली, म्हणजे मुळातच दाट वस्तीच्या शहराची गोष्ट. त्यातल्या बॅक्टेरियांना सारखी हवा लागते आणि प्लांटची साधारण निम्मी वीज तिथेच जाते. शहरात पाणी दिवसभर येत राहतं, गावात सकाळी अंघोळी-कपडे सगळं एकदम, लोंढा येतो, मग दुपारी काहीच नाही, रात्री तर ठणठणाट, त्यात लाईट गेली किंवा कोणी फिनेलचा कॅन ओतला की बॅक्टेरियांनी मान टाकलीच, ते परत वाढेपर्यंत ओढ्यात जे जातं त्याला शुद्ध म्हणायचं फक्त कागदावर.

जागा असेल तर सरळ तळी करा ना! मीटर-दीड मीटर खोल, एकापुढे एक. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, तो घेऊन बॅक्टेरिया घाण खातात, जड गाळ तळाशी बसून हवेशिवाय कुजतो, आणि शेवटच्या उथळ तळ्यात उन्हानेच बरेचसे जंतू मरतात, जंताची अंडी तर आधीच खाली बसलेली असतात. मोटर लागेलच असं नाही. वेळ मात्र लागतो, पाणी काही आठवडे थांबवावं लागतं, थंडीत सगळं मंदावतं, जागा भरपूर खाते. बाहेर येणारं पाणी हिरवट दिसतं म्हणून लोक नाक मुरडतात पण ते शेवाळ असतं हो, मैला नाही. वास मारायला लागलं तर बहुतेक वेळा येणाऱ्या घाणीचा लोड झेपत नाहीये असं समजायचं. काठावरचं गवत कापलं नाही तर डास, हेही खरंच.

आणि तळं असो की मशीन, माणूस लागतोच. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा, रिपोर्ट तीन ते पाच दिवसांनी येतो कारण टेस्टच तितक्या दिवसांची, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. रोज जाळी साफ करणारा, पाण्याचा रंग बघून आणि वास घेऊन काहीतरी बिघडलंय हे ओळखणारा माणूस पाहिजे, आणि त्याला धड पगार पाहिजे. मशीनला पैसा मिळतो, माणसाला मिळत नाही, माझा सगळा राग त्यावर आहे.

अजून एक, पाइपांचे सांधे फुटके असतील तर पावसाचं पाणी आत घुसतं आणि कसलाही प्लांट वाहून जातो, म्हणून आधी लाइन तपासा. आणि इस्टिमेट हातात आलं की गाळ कोण उपसणार, कधी आणि टाकणार कुठे ते लिहिलंय का बघा. तळ्यात हा प्रश्न काही वर्षांनी येतो, मशीनमधे पहिल्याच वर्षी. ते पान नसेल तर सही करू नका.