सगळंच शिवकालीन कसं काय?

रविवारी सांगलीत जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन बघून आलो. म्हणजे सरकारी म्युझियमवालं नव्हे, संग्राहक लोकांनीच आपापली कलेक्शन टेबलावर मांडलेली, कट्यारी, सुऱ्या, बिचवे, जंबिये, तलवारी, एका कोपऱ्यात अडकित्ते आणि विळ्या पण. असलं मी पहिल्यांदाच बघितलं. काचेमागचं बघणं वेगळं, इथं वस्तूचा मालक समोर उभा असतोय, विचारलं तर बोलतोय, मूडमधी असला तर हातात पण देतोय. लय आवडलं, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं मी जरा बोंबलणार आहे.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लेथ, मिलिंग, थोडं ग्राइंडिंग. इतिहास आपला शाळेपुरता, पण स्टील रोज हातात असतंय, त्यामुळं मी गेलो तो वस्तू कशी बनवली हे बघायला. आणि त्या बाबतीत पैसे वसूल (तिकीट नव्हतं ती गोष्ट वेगळी).

दारातच वहीत नाव नंबर लिहून घेतला, आणि मोठा बोर्ड, इथं विक्री होत नाही, पात्याला हात लावू नये, शस्त्र हातात घेऊन फोटो काढू नयेत. हा शेवटचा नियम कशासाठी ते कळायला वेळ लागला नाही. माझ्यामागनं कॉलेजची पोरं आली ती डायरेक्ट तलवारीकडं, एकाचा मोबाईल आधीच वर. गल्लोगल्ली तलवारीनं केक कापायचे रील टाकून पोलिसांत जाणारी पोरं आपण बघतोय, कोयता गँगच्या बातम्या वेगळ्याच, आणि त्याचा सगळा भुर्दंड या बिचाऱ्या संग्राहकांना. आपल्याकडच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद धारदार पातं शस्त्रात धरतात, घरातली आणि शेतातली अवजारं सोडून. म्हणजे आमच्या शेतातला ऊसतोडीचा कोयता चालतो पण आजोबांची तलवार माळ्यावर असली तर माणूस टेन्शनमधी. त्यात वस्तू शंभर वर्षांपुढची असली की 1972 चा पुरावस्तू कायदा, ती देशाबाहेर नेता येत नाही. हे लोक फाईल घेऊनच बसलेले असतात, वस्तूपेक्षा फाईल जाड.

आता खरा माल. एका टेबलावर कट्यारी होत्या. कट्यार आपण सगळ्यांनी चित्रात बघितलीय पण हातात घेतल्यावर तिची अक्कल कळते. दोन उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन बाजूंना येतात, मधी दोन आडव्या दांड्या, त्यावर मूठ आवळायची, की पातं सरळ हाताच्या रेषेत. सुरीसारखं खुपसायचं नाही तर बुक्की मारायची. आणि टोक. पातं मूठीकडं रुंद, पुढं निमुळतं होत जातंय आणि अगदी टोकाला अचानक परत जाड होतंय. मला आधी वाटलं धार लावताना राहिलंय काय, मग संग्राहकांनी सांगितलं की ते मुद्दाम, चिलखताच्या कड्या फोडायला. म्हणजे धातू कमी कुठं करायचा आणि ठेवायचा कुठं याचा पूर्ण विचार, तो पण ड्रॉइंगशिवाय, हातोडी आणि कानसीवर.

त्यातल्याच एका कट्यारीचं पातं मला खटकलं. पात्यावर ज्या खोलगट रेषा असतात, नळ म्हणतात त्याला, तो नळ मूठीजवळ मधीच तोडल्यासारखा थांबलेला, आणि पातं मुठीच्या पट्ट्यांत रिव्हेट मारून बसवलेलं. आपला कुठलाही कारागीर नळ असा अर्धवट सोडणार नाही. विचारलं तर ते हसले, म्हणाले बरोबर बघितलंत, हे फिरंगी तलवारीचं मोडकं पातं आहे, कापून कट्यार केलीय. युरोपातनं पाती यायची, जर्मनीतल्या सोलिंगेनची, इटलीची, त्यावर आपली मूठ चढवून फिरंग व्हायची, आणि ती मोडली की तुकडा फेकायचा नाही, कट्यार करायची. आमच्या शेडमधी मोडक्या हॅक्सॉ ब्लेडची सुरी होते त्यातलाच प्रकार, फक्त यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी. अजून एक भारी गोष्ट सांगितली, परदेशी पात्याला भाव होता म्हणून त्यांचे शिक्के त्या काळात पण इकडं खोटे मारायचे. डुप्लिकेट माल काय आजचा नाही.

तलवारीच्या टेबलावर सगळे जण एकच बोलत होते की मूठ केवढी छोटी, हात बसतच नाही. तिथल्या माणसानं करून दाखवलं. आपण काठी धरल्यासारखी धरतोय म्हणून बसत नाही, पहिलं बोट परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीच्या, पुढं काढायचं, आणि मागची गोल चकती मनगटाला टेकली पाहिजे, की मनगट जास्त वाकतच नाही, खांद्यातनं ओढत कापायचं. त्या चकतीनंच हात कसा वापरायचा ते ठरवून टाकलंय. हे पाच मिनिटांत कळलं, आणि इतकी वर्षं म्युझियममधल्या पाट्या वाचून कळलं नव्हतं.

आणि आता बोंबलतो.

ही मूठ पात्याला बसवायची कशानं माहितीय का, राळ आणि लाखेचा मसाला भरून. बऱ्याच तलवारींत रिव्हेट नाही, वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही, पात्याची शेपटी गरम करून मुठीतल्या मसाल्यात बसवली की झालं. म्हणून जुनी तलवार उन्हात टाकू नये, मूठ ढिली होते. म्हणजेच मूठ बदलणं एकदम सोपं होतं, आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बदलल्या. आजोबाचं पातं, नातवाची मूठ, मधी कुणीतरी मुठीच्या आत नवी गादी बसवलेली. मग टेबलावर चिठ्ठी काय असायला पाहिजे? आणि होती काय? 'शिवकालीन तलवार'. शेजारी 'शिवकालीन कट्यार'. पुढं 'शिवकालीन बिचवा'. एका ठिकाणी तर 'शिवकालीन अडकित्ता'. अरे बाबा कशावरनं?

महाराजांचा काळ 1630 ते 1680. त्याच्यानंतर 1818 पर्यंत मराठ्यांच्या फौजा देशभर फिरल्या, त्यांना तलवारी लागल्याच असतील की. पुढं सांगली, मिरज, जत, औंध ही आपली संस्थानं 1948 पर्यंत होती, त्यांच्याकडं शिपाई होते, दसऱ्याला मिरवणुका होत्या. शस्त्रं बाळगायवर इंग्रजांनी 1878 ला कायदा आणला तोपर्यंत आणि त्याच्यानंतर पण संस्थानांत हत्यारं बनत होती. साधा हिशोब केला तरी आज घराघरांत आहेत त्यातली बरीचशी नंतरचीच असणार. नंतरची आहेत म्हणून काय कमी झाली का? अठराव्या शतकात त्यांनी काय कमी मैदान मारलं? पण नाही, शिवकालीन म्हणल्याशिवाय आपल्याला वस्तूकडं बघायलाच होत नाही.

एका 'शिवकालीन' सुरीवर तर मला सरळ अँगल ग्राइंडरचे ओरखडे दिसले. एकसारखे, एकाच कोनात, चाकाची रुंदी मोजता येईल असे. वरनं ॲसिड मारून काळपट केलेलं. मी काय बोललो नाही, तो पोरगा नवीन होता, त्याला कुणीतरी टोपी घातलेली होती.

या विषयात सातारचं उदाहरण बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै 2024 मधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, लोकांनी रांगा लावून बघितली. जेम्स ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असताना त्याला पेशव्यांच्या प्रधानानं ती दिली, अफजलखानाला मारलं ती हीच, असं त्या वाघनखांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. आणि ते लंडनचं म्युझियम स्वतः काय म्हणतंय, तर 1659 ला वापरलेली ती हीच का, हे पडताळून बघता येत नाही. स्वतःच्या ताब्यातल्या, जगात गाजलेल्या वस्तूबद्दल. आपल्याकडं त्यावरनं केवढी भांडणं झाली, पण मला ती पद्धत पटली, पेटीवर काय लिहिलंय ते सांगायचं, आणि आपल्याला काय सिद्ध करता येतंय ते वेगळं सांगायचं. पुरावा नाही म्हणल्यानं प्रतापगड काय हलत नाही जागचा.

हे जमतं, ते पण त्याच हॉलमधी जमलेलं होतं. शेवटून दुसऱ्या टेबलावर गावभागातले एक काका होते, कलेक्शन छोटं, दहा-बारा वस्तू. प्रत्येकापुढं हातानं लिहिलेली चिठ्ठी, लांबी, वजन, कुणाकडनं आली त्या गावाचं नाव, पातं कसलं, मूठ कसली, आणि काळ या रकान्यात चक्क 'माहीत नाही'. दोन ठिकाणी 'मूठ नंतरची'. मी जास्त वेळ तिथंच थांबलो. त्यांची निम्मी शस्त्रं 2019 च्या महापुरात कपाटासकट पाण्यात होती. पाणी उतरल्यावर चिखलातनं काढली, म्यानं कुजून गेलेली, त्यांच्या आत ओल धरून बसलेली, पाती नारिंगी. घरातलं धान्य, गाद्या, फ्रिज एका बाजूला आणि काका रॉकेलच्या टबात तलवारी घालून बसलेले, काकू काय बोलल्या असतील ते मी विचारलं नाही. काकांनी तेव्हा पण सँडपेपर लावला नाही, रॉकेल, मऊ कापड आणि महिनोन्‌महिने धीर. एका पात्यावर बारीक खड्ड्यांची ओळ राहिलीय, पुराच्या पाण्याची. तेसुद्धा चिठ्ठीवर लिहिलंय.

त्यांच्याकडंच जौहर असलेलं पातं बघायला मिळालं. टॉर्च तिरका मारला की पात्यात पाण्यावरच्या तरंगासारखी नक्षी उमटते, कोरलेली नाही, स्टीलच्या आतली. मुशीत वितळवून केलेलं पोलाद, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, थंड होताना आणि ठोकताना आत कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक कणांच्या, रांगा तयार होतात, त्यात व्हॅनेडियमसारखे अगदी किरकोळ अंश लागतात असं आता संशोधनात निघालंय. दक्षिणेतनं हे पोलाद इराणपर्यंत जायचं. पुढं 1819 ला मायकेल फॅरडेनं, हो तोच विजेवाला, याचं पृथक्करण करून बघितलं. आज ऑनलाईन दमास्कस म्हणून जे सुरे मिळतात ते दोन प्रकारचं स्टील घड्या घालून जोडलेलं असतंय, ते पण देखणं, पण हे ते नव्हे. आणि ही नक्षी बेल्ट ग्राइंडरवर दोन मिनिटांत घालवता येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण काय करतो? घरातली तलवार काढायची, विटकरीच्या भुकटीनं नाहीतर पॉलिश पेपरनं लखलखीत करायची, ओलं गंध-कुंकू लावायचं आणि तसंच म्यानात. कुंकवात चुना असतोय, वरनं पाणी. काका म्हणाले निम्मी पाती शत्रूनं नव्हे तर पूजेनं खाल्लीत. पूजा करू नका असं ते म्हणत नव्हते, कुंकू मुठीला लावा, नंतर कोरडं पुसून पातळ तेलाचा हात द्या एवढंच.

आई पण आली होती बरोबर, तिला तलवारीत काडीचा इंटरेस्ट नाही. ती अडकित्त्यांच्या टेबलावर. पितळेचे घोडे, पोपट, राघू-मैना, एकाला घुंगरं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर म्युझियममधी असल्यांचा खजिना आहे पण तिथं ते काचेत. इथं आईनं एक उचलून उघडझाप केली आणि मालकाला म्हणाली, हा खिळा सैल झालाय, सुपारी कातरणार नाही, फुटणार. त्यानं मान्य केलं. आख्ख्या हॉलमधी वस्तू वापरलेली माणसं बहुतेक तेवढ्याच टेबलापुढं उभी होती.

आता माझी खरी तक्रार. राजा कोण, सरदार कोण, लढाई कुठली हे सगळीकडं. बनवणारा कुठंच नाही. एका चिठ्ठीवर लोहाराचं नाव तर सोडाच, लोहार हा शब्द पण नाही. आणि हे कुठं, तर मिरजेच्या शेजारी! मिरजेची सतार, तंबोरा जगात जातो, 2024 मधी जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. त्या परंपरेचे मूळपुरुष मानतात ते फरीदसाहेब कोण होते? शिकलगार. हत्यारांना धार लावणारं, पाणी देणारं, पॉलिश करणारं घराणं. शस्त्रांचं काम बसलं तसं पटवर्धनांच्या मिरजेत वाद्यं दुरुस्त करता करता 1850 च्या आसपास ते तंतुवाद्यांकडं वळले, आणि तलवारीचा हात तंबोऱ्यावर बसला. शस्त्रांचा काळ संपल्यावर कारागिरांचं पुढं काय झालं याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही, आणि ते रिक्षानं जाऊन बघता येईल इतक्या जवळ आहे, तरी हॉलमधी त्यावर एक कागद नाही.

निघताना आयोजकांपैकी एकाला हे बोललो. तो भला माणूस होता, म्हणाला लोक तलवार बघायला येतात हो, धार लावायची सहाण बघायला कोण येणार? मी म्हणलं मी येणार. तो म्हणाला मग टेबल लावा तुम्हीच.

तर लावतो. मिरज, सांगली, तासगाव, इस्लामपूर, कुठंही कुणा शिकलगाराच्या किंवा लोहाराच्या घरी आजा-पणजाची अवजारं पडून असतील, सहाण, घोटायचे दगड, चिमटे, राळेची कढई, तुटकी मूठ, काहीही, तर मला मेसेज करा. विकत मागत नाही, दोन दिवस मांडायला द्या, नेण्या-आणण्याचा खर्च माझा. काळाच्या रकान्यात काय लिहायचं ते काकांना विचारून ठरवू.