खोक्यातली पोकळी बरणी फोडते

जून लागला की लातूर, नांदेड, परभणीहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिक्क्या खोक्यांनी भरतात. शिकायला गेलेल्या लेकरांसाठी लोणचं, येसर, खारोड्या, शेंगदाण्याची चटणी. सकाळी तिकडं खोकं उघडावं तर तेल चटणीत मुरलेलं, खारोड्यांचा चुरा झालेला. मग बोल हमालाला. हमाल आपटतो हे खरंच, पण बरणी फुटते ती आत सुटलेल्या जागेमुळं. गाडी रात्रभर हादरते, बरणी सरकते आणि शेजारच्या डब्यावर आदळत राहते.

आधी खोकं बघा. किराणा दुकानातलं बिस्किटांचं खोकं पातळ असतं. तेलाच्या पाऊचचं जाड असतं, ते मागा. मात्र तेल पाझरलेलं घेऊ नका, पुठ्ठा मऊ पडतो. माल 10 किलोच्या वर गेला की 5 प्लायचंच, म्हणजे पाच पदरी पुठ्ठ्याचं खोकं घ्या. त्याच्या कापलेल्या कडेला नागमोडी कागदाचे दोन थर दिसतात. 15 किलोच्या पुढं मात्र दोन खोकी करा. एकट्याला न पेलणारं खोकं कुणी अलगद ठेवत नाही, सोडून देतं.

लोणच्याची बरणी गच्च भरू नका, दोन बोटं जागा ठेवा. डिक्की तापते, तेल फुगतं आणि झाकणातून वर येतं. तोंडावर जाड प्लास्टिक दुहेरी, त्यावर झाकण, झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी, मग अख्खी बरणी पिशवीत घालून गाठ. त्यावर जुनं सुती लुगडं तीन-चार वेढे. वाकळीचा तुकडा असेल तर सोनंच! तळाला 2 इंच वर्तमानपत्र, पण चुरगळून. घडी घातलेला कागद धक्का झेलत नाही. बरणी मधोमध, चारी भिंतींपासून 2 इंच आत. फटींत लेकरांचे कपडे कोंबा. खारोड्या स्टीलच्या डब्यात, आणि झाकणाखाली उरलेल्या जागेत स्वच्छ फडकं.

पावसाचे दिवस आहेत, म्हणून सगळा माल खोक्याच्या आत एका मोठ्या प्लास्टिक पिशवीत असू द्या. ओला पुठ्ठा वरचं वजन पेलत नाही.

टेप 2 इंची. तळाच्या जोडावर तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंना 3 इंच खाली वळवलेली. सुतळी बांधणार असाल तर कोपऱ्यांवर पुठ्ठ्याची घडी ठेवा, नाहीतर ती खोक्यात रुतून कड फाडते.

आता खोकं उचलून हलवा. आत काही खुळखुळलं तर टेप काढा आणि अजून कापड भरा. नाव आणि मोबाईल नंबर दोन बाजूंना लिहा, शिवाय एक चिठ्ठी आत टाका. वरचा कागद पावसात निघून गेला तरी पत्ता राहतो.